प्रति: काळजीवाहकाची प्रश्नावली कशाला?
'हातपायच चालेनात तर माणूस गप्प होणारच, त्याला प्रश्नावली कशाला' हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. माणूस अंगातल्या दुबळेपणानं गप्प आहे की आजारानं त्याचं वागणंच बदललंय, हा घोळ टाळायलाच एमएनडीसाठी (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजत जाण्याचा आजार) काळजीवाहकानं भरायच्या वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. त्यातल्या माइंड-बीमध्ये तर 9च प्रश्न, तेही निरुत्साह, ताळतंत्र सुटणं आणि तेच-ते करत राहणं यांवर.

आमच्या सोलापूरच्या काकांसाठी तशीच एक भरली, तेव्हा ते शेजारीच बसलेले. काकूंचं एकच पालुपद, 'नाही हो, पहिल्यासारखेच आहेत.' व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाल्या, गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वज दारावरून गेले, ह्यांनी 'खुर्ची पुढं घे' एवढंसुद्धा म्हटलं नाही. (बोलता येतं अजून, बरं का.) आणि जन्मभर शेंगाचटणी-भाकरी खाल्लेला माणूस आता दोन्ही वेळा गोडच मागतो. मग काकूंना एकटीला बसवून परत विचारलं. उत्तरं पार वेगळी आली.