लक्ष्मी विलास बँकेचे शेअर गेले कुठे? मदत हवी आहे (तातडीने)

पाषाणरोड:
मंडळी, १५ डिसेंबरच्या आत उत्तर हवं आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. लक्ष्मी विलास बँक सिंगापूरच्या डीबीएसने घेतली तेव्हा आमच्याकडे शेअर होते. आता डीमॅटमध्ये दिसत नाहीत. बदल्यात डीबीएसचे शेअर मिळतात ना? अर्ज कुठे करायचा? ब्रोकरला फोन केला की 'सर, ॲपमध्ये बघा' म्हणतो. ॲपमध्ये काही नाही म्हणूनच फोन करतोय ना बाबा! आणि काहीच मिळणार नसेल तर तो तोटा यंदा दाखवता येईल का? 'गूगल करा' असं कृपया कोणी सांगू नये.

भाजणीवाली:
आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? किती शेअर? कागदी की डीमॅट? केव्हा घेतले? आणि १५ डिसेंबरला काय आहे, मुंज?

एसआयपी_साधक:
म्हणूनच मी कायम सांगतो, सामान्य माणसाने थेट शेअर घेऊ नयेत. २०१७ पासून फक्त इंडेक्स फंड. रात्री शांत झोप लागते. कोणाला माहिती हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुना_ठेवीदार:
आयएफएससी बदललाय, लक्षात घ्या. एलएव्हीबीने सुरू होणारे जुने कोड आणि जुनी चेकबुकं केव्हाच बंद झाली. पेन्शन जुन्या खात्यावर येत असेल तर नवा कोड आधी कळवा.

पाषाणरोड:
@जुना_ठेवीदार, पेन्शनचा प्रश्नच नाहीये.
@भाजणीवाली, आईच्या नावावर १,००० शेअर, २०१७ च्या राइट्समध्ये (जुन्या भागधारकांना ठरलेल्या भावाने नवे शेअर देतात ते) घेतलेले, डीमॅट. १५ तारखेला आगाऊ कराचा हप्ता आहे. यंदा प्लॉट विकलाय, त्यावरचा कर थोडा कमी होतो का ते बघायचंय. विषय एवढाच.

डेबिटक्रेडिट:
आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बदल्यात काहीही मिळत नाही. डीबीएसचे शेअर नाहीत, रोखही नाही. सरकारने मंजूर केलेल्या विलीनीकरण योजनेतच आहे की बँकेचं सगळं भागभांडवल आणि राखीव निधी निर्लेखित झाला, म्हणजे पूर्ण पुसला गेला. तारीख २७ नोव्हेंबर २०२०. त्या दिवसापासून बँक ही कंपनीच उरली नाही, तेव्हा अर्ज करणार कोणाकडे? राइट्सचा भाव १२२ होता. म्हणजे तुमचा आकडा १,२२,००० रुपये.

सातारारोड_१९३६:
हे पटत नाही. आमची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये अशीच बुडायला आली होती. सप्टेंबरात निर्बंध लागले, ऑक्टोबरात आयडीबीआयकडे गेली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. साताऱ्यात लोक हळहळले, पण हातात काहीतरी पडलं. मग यांना शून्य का? बँकिंग नियमन कायद्याचं कलम तेच ४५, रिझर्व्ह बँक तीच.

पाषाणरोड:
अगदी हेच! काका, हेच मला कळत नाहीये. त्यांना २८ मग आईला शून्य का?

डेबिटक्रेडिट:
कारण कलम ४५ भागधारकाला अमुक द्याच असं म्हणत नाही. घेणारा काय द्यायला तयार आहे आणि बँकेत काय शिल्लक आहे यावर ते ठरतं. आयडीबीआयला साताऱ्याच्या बँकेच्या शाखा हव्या होत्या, तिच्यासाठी इतरही इच्छुक होते. लक्ष्मी विलासचं काय होतं? सप्टेंबर २०२० अखेर भांडवल पर्याप्तता (कर्जाच्या जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) उणे २.८५ टक्के, ढोबळ थकीत कर्जं चोवीस टक्क्यांच्या वर. वजाबाकी करून भागधारकाच्या वाट्याला काही उरतच नव्हतं. वर डीबीएसने २,५०० कोटी ओतले, पण ते स्वतःच्या भारतीय कंपनीत, भांडवल म्हणून. भागधारकांना द्यायचे पैसे नव्हते ते.

स्वदेशी_बाणा:
१९२६ साली करूरच्या व्यापाऱ्यांनी उभी केलेली बँक, पाचशेच्या वर शाखा, आणि परक्याला फुकट. मसुद्यावर हरकती घ्यायला तीन दिवस दिले, २० नोव्हेंबर संध्याकाळी पाचपर्यंत! लिलाव नाही, दुसऱ्या कोणाला विचारणं नाही. सोसायटीचा टेरेस भाड्याने द्यायचा तरी आम्ही तीन कोटेशनं मागवतो.

भाजणीवाली:
बाणा, ठेवीदार नव्हतास वाटतं. १७ नोव्हेंबरला २५ हजारांची मर्यादा लागली आणि २७ ला उठली. दहा दिवस! माझ्या सासूबाईंची ठेव पुण्यातल्या एका सहकारी बँकेत (नाव घेत नाही) इतकी वर्षं अडकली की पावतीला घडीवर फाटू नये म्हणून चिकटपट्टी लावली होती. रुपीचं उदाहरण तर सगळ्या शहरासमोर आहे. २०१३ ला निर्बंध, २०२२ ला परवानाच रद्द, मग विम्याचे पाच लाखांपर्यंत. लक्ष्मी विलासच्या ठेवीदाराचा एक रुपया कापला गेला नाही, नोकरांच्या नोकऱ्या राहिल्या. मालक सिंगापूरचा का असेना.

स्वदेशी_बाणा:
ठेवीदार वाचले, मान्य. पण त्यासाठी भागधारक पूर्ण साफ करायलाच हवा होता का? २०२० मध्ये येस बँक वाचवली तेव्हा भागधारक राहिले की. शंभराच्या वर शेअर असतील तर ७५ टक्के तीन वर्षं अडकवले, पण काढून नाही घेतले. आता जपानची सुमितोमो मित्सुई तिथे सर्वांत मोठी भागधारक झाली आहे. तिथे पाठीशी स्टेट बँक होती म्हणून वेगळा न्याय?

डेबिटक्रेडिट:
तिथे भागधारक राहिले, पण रोखेधारकांचे एटी-१ मधले (बँक अडचणीत आली की पुसता येणारे रोखे) ८,४१५ कोटी पुसले. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रोखेधारकांच्या बाजूने निकाल दिला आणि प्रकरण वर गेलं. लक्ष्मी विलासमध्ये ३१८ कोटींचे टियर-२ (बँकेच्या दुय्यम भांडवलात धरले जाणारे) रोखेही गेले. लिलाव का नाही यावर मात्र मी बाणांच्या बाजूने आहे. बुडती देशी बँक परदेशी पालक असलेल्या कंपनीकडे देण्याची ती पहिलीच वेळ होती. चार जणांना विचारलं असतं तर निदान बोलायला जागा राहिली नसती. पण एक विसरू नका, बँक सप्टेंबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या त्वरित सुधारणा चौकटीत (कमकुवत बँकांवरचे निर्बंध) होती. इंडियाबुल्स हाउसिंग फायनान्सशी विलीनीकरण नाकारलं गेलं, क्लिक्स कॅपिटल या वित्त कंपनीशी नुसतीच बोलणी चालू राहिली. २५ सप्टेंबर २०२० च्या सभेत भागधारकांनी एमडीसकट सात संचालकांना घरी पाठवलं. म्हणजे आजार सगळ्यांना दिसत होता.

सातारारोड_१९३६:
आणि आता रत्नाकर, म्हणजे आजची आरबीएल बँक. कोल्हापूरची, १९४३ ची. दुबईची एमिरेट्स एनबीडी बँक ६० टक्क्यांसाठी २६,८५३ कोटी मोजायला तयार झाली, शेअरमागे २८०. आमच्या वेळी असं काही असतं तर!

एसआयपी_साधक:
काका, रत्नाकर बुडत नव्हती. चालत्या दुकानात भागीदार येणं वेगळं, टाळं लागायच्या बेतात असलेलं दुकान उचलणं वेगळं. बँकेचे शेअर घ्यायचेच तर फंडातून घ्या.

पाषाणरोड:
लोकहो, हे सगळं छान आहे, पण माझा धागा आहे. तोटा दाखवायचा की नाही? शेअर विकले नाहीत, मग तोटा म्हणता येतो का? कोर्टात काही झालं का?

डेबिटक्रेडिट:
कोर्टाचं: मुंबई आणि मद्रास दोन्ही उच्च न्यायालयांत भागधारक गेले, विलीनीकरणाला स्थगिती मिळाली नाही. त्या आशेवर कराचं गणित बांधू नका.

तोट्याचं: आयकर कायद्यात हक्क संपुष्टात येणं हेही 'हस्तांतरण' धरतात. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्युपिटर कॅपिटल प्रकरणात भागभांडवल कमी केल्याने झालेला तोटा मान्य केला. तुमचं प्रकरण तंतोतंत तसं नाही, कारण तिथे थोडा मोबदला मिळाला होता. तरी मी दावा केला असता. पण तोटा २०२०-२१ चा आहे, यंदाचा नाही. तो पुढे ओढायचा तर त्या वर्षीचं रिटर्न मुदतीत, म्हणजे वाढीव मुदतीप्रमाणे ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत भरलेलं हवं आणि त्यात हा तोटा लिहिलेला हवा. मग तो आठ वर्षं चालतो, दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो. त्या रिटर्नमधलं 'शेड्यूल सीएफएल' (पुढे ओढलेल्या तोट्याचा तक्ता) बघा.

आणि तुम्ही अजून सांगितलं नाहीत: प्लॉट कोणाच्या नावावर होता? आईचं वय काय? त्यांना धंद्याचं उत्पन्न आहे का?

पाषाणरोड:
प्लॉट आईचाच, तळेगावचा, ऑगस्टमध्ये विकला. वय ७१. पेन्शन आणि ठेवींचं व्याज, बाकी काही नाही. वयाचा काय संबंध?

डेबिटक्रेडिट:
अहो, सगळा संबंध त्याचाच आहे! साठीच्या पुढच्या निवासी व्यक्तीला धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर लागूच होत नाही. कलम २०७. प्लॉटचा नफा धरूनसुद्धा. १५ डिसेंबर विसरा. रिटर्नच्या वेळी एकदम भरा, हप्ता चुकल्याचं व्याज लागत नाही.

भाजणीवाली:
तरी मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, कोणाचे म्हणून.

पाषाणरोड:
बरं, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आईच्या ईमेलमध्ये ते रिटर्न सापडलं. जुलै २०२१ ला भरलंय, पण शेड्यूल सीएफएल कोरं आहे. आता?

डेबिटक्रेडिट:
मग तो तोटा गेला. आज सुधारित रिटर्नही भरता येत नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्यावरच्या १२.५ टक्क्यांच्या दराने धरलं तरी सेस सोडून सव्वापंधरा हजारांचा प्रश्न होता, त्यासाठी वकील गाठू नका. जमिनीच्या नफ्यासाठी ५४ईसी रोखे (नफा यात गुंतवला की त्यावर कर वाचतो) बघा. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांचे असतात, मर्यादा ५० लाख, पाच वर्षं पैसे अडकतात. विक्रीपासून सहा महिने, म्हणजे तुम्हाला फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. खरेदीखताची तारीख बघूनच मोजा, ऑगस्टचा शेवट समजून चालू नका.

स्वदेशी_बाणा:
५४ईसी घ्याच. निदान पैसा देशातल्या रेल्वेला आणि विजेला लागेल.

भाजणीवाली:
तळेगावात गुंठ्याला काय भाव आला? स्टेशनच्या बाजूला की गावात? आमचाही एक आहे, विचार चाललाय.