मदत हवी आहे: छोट्या प्रयोगांसाठी निधी कसा राखायचा?

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत महिला बचत गटांबरोबर भिरंड (कोकम) आणि फणस प्रक्रियेचं काम करणारी आमची नोंदणीकृत संस्था आहे. १२अ आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर, घेण्याची नोंदणी) आहे, एफसीआरए (परदेशी देणग्यांची परवानगी) नाही. निधी बहुतेक सीएसआरचा, ठरलेल्या खर्च-शीर्षकांना बांधलेला. सोलं (भिरंडाच्या साली) वाळवायला सौर ड्रायर, लहान पाकिटं अशा उत्तम कल्पना कार्यकर्त्याच आणतात, पण चाचणीला पैसा नसतो. भिरंडाचा हंगाम पावसाआधीचा. तोवर मंजुरी आली नाही की वर्ष गेलं.

सूचनापेटी ठेवली, पण निर्णय कोणाचा हे ठरलं नव्हतं, चिठ्ठ्या पडून राहिल्या. शुक्रवारची दुपार प्रयोगांना दिली, ती अहवालांनी खाल्ली. प्रस्तावात 'नवोपक्रम' शीर्षक घातलं तर देणगीदारानं निष्पत्ती आधीच मागितली. प्रयोगात नेमकी तीच तर शोधायची असते!

आता विचार असा: ८०जी देणग्यांतून वेगळा निधी, प्रत्येक प्रयोगाला २५,००० रुपये आणि ९० दिवसांची मर्यादा, एकच प्रश्न, आणि कधी थांबायचं ते सुरुवातीलाच लेखी. नवीन माणूस किंवा सल्लागार परवडणार नाही.

चाचणीचा खर्च तुम्ही सीएसआर प्रस्तावात कोणत्या शीर्षकाखाली, कोणत्या शब्दांत मंजूर करून घेतलात? आणि प्रयोग थांबवण्याचा अधिकार क्षेत्र समन्वयकाकडे ठेवावा की कार्यकारिणीकडे?