आणखी मोठ्याने वाचून घेण्यापेक्षा
ताई, सातवीची मुलं धडा खडाखडा वाचतात पण अर्थ विचारला की गप्प बसतात, त्यांच्याकडून आणखी मोठ्याने वाचून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते नको. मी ऐरोलीत सहावी-सातवीला शिकवते. मुलं अडतात ती शब्दांवर, तेही मराठीपेक्षा भूगोलात जास्त. मी फळ्यावर ‘पर्जन्यमान’सारखे शब्द फोडते: पर्जन्य म्हणजे पाऊस, मान म्हणजे माप. मग ‘तापमान’ मुलंच फोडतात, आणि तेव्हाचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात! परिच्छेद संपला की पुस्तक मिटून शेजारच्याला सांगायचं. घरी आगरी बोलणाऱ्यांना आगरीतच सांगू द्या, अर्थ लागलाय की नाही ते लगेच कळतं. आणखी वाचायला बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंकही ऑनलाइन मोफत वाचता येतात.