मदत हवी आहे: चिलेतला ‘पहिला’ समलिंगी लोकप्रतिनिधी नेमका कोण?

धागाकर्ता: चिलेतल्या समलिंगी राजकारणी आणि मुत्सद्द्यांवर मराठीत लेख लिहितोय. कुठे हाइमे पारादांना ‘पहिले’ म्हटलंय, तर कुठे क्लाउदियो आर्रियागादांना. खरं काय? आणि ‘मिनिस्त्रो कोन्सेहेरो’चं ‘मंत्री’ केलं तर चालेल का?

प्रतिसाद १: दोघंही पहिलेच, पण पदं वेगळी. पारादा ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रोविदेन्सियातून ‘कोन्सेहाल’, म्हणजे नगरसेवक म्हणून निवडून आले. उघडपणे समलिंगी राहून निवडणूक जिंकणारे ते पहिले. आर्रियागादा १९९२ ते २०१२ या काळात ‘ला ग्रांहा’ या पालिकेचे महापौर होते आणि २०१४ ते २०१८ खासदार. ‘पहिले’ हा मान त्यांना खासदारकीसाठी मिळतो. त्यामुळे नुसतं ‘पहिले समलिंगी राजकारणी’ लिहू नका. पद आणि साल जोडूनच लिहा. प्रोविदेन्सिया आणि ला ग्रांहा राजधानी सांतियागोच्या परिसरात असले तरी तिथल्या प्रत्येक ‘कोमुना’चा (स्वतःची पालिका असलेल्या भागाचा) महापौर वेगळा. ‘सांतियागोचे महापौर’ लिहिलंत की लेख तिथेच घसरला.

प्रतिसाद २: ‘मंत्री’ मुळीच नको! ‘मिनिस्त्रो कोन्सेहेरो’ ही परराष्ट्र सेवेतली श्रेणी आहे: तृतीय, द्वितीय, प्रथम सचिव, मग ‘कोन्सेहेरो’, मग ‘मिनिस्त्रो कोन्सेहेरो’ आणि शेवटी राजदूत. मंत्रिमंडळाशी तिचा संबंध नाही. राजदूत नेमतात राष्ट्राध्यक्ष, आणि सेवेबाहेरचा राजकारणीही नेमता येतो. म्हणून प्रत्येकाबद्दल तो मुत्सद्दी घडवणाऱ्या आंद्रेस बेयो अकादमीतून सेवेत आला की थेट नेमला गेला, हे आधी तपासा.

चिलेत आडनावं दोन असतात, पहिलं सहसा वडिलांचं. ‘आर्रियागादा माकाया’ यांची नोंद ‘आ’खाली करा, ‘मा’खाली नाही. खासदारांची चरित्रं संसदेच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे दोन्ही आडनावं घालून शोधा.

प्रतिसाद १: एक कळकळीची विनंती. निवडून आल्याची तारीख आणि ओळख जाहीर केल्याची तारीख वेगवेगळी द्या. आर्रियागादा महापौर झाले तेव्हा दोन प्रौढ पुरुषांचे संमतीचे संबंध चिलेत गुन्हा होते. कायदा बदलला १९९९ मध्ये. तरीही समलिंगी पुरुषांसाठी संमतीचं वय १८ राहिलं, इतरांसाठी आधी १२ आणि २००४ पासून १४. तो भेद २०२२ मध्ये गेला. नागरी सहजीवन करार ऑक्टोबर २०१५ पासून, समलिंगी विवाह १० मार्च २०२२ पासून. ‘ओळख लपवली’ असं वाक्य लिहिण्याआधी त्या वर्षी कायदा काय होता ते पाहा, आणि तो त्याच परिच्छेदात लिहा.