मदत हवी आहे: ॲपलचे शेअर घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. भाचा बोटीवर असतो, सध्या सुट्टीवर फोंड्याला आलाय. डॉलरमधली सगळी बचत ॲपलमध्ये घालायचं म्हणतो. माझं मन धजत नाही.

2024 च्या आर्थिक वर्षात 391 अब्ज डॉलरच्या विक्रीतले 201 अब्ज एकट्या आयफोनचे. 2022 ला विक्री 394 होती, म्हणजे जागच्या जागीच. तरी भाव चढलाय. त्यात 2024 मध्ये 110 अब्जांची शेअर-फेरखरेदी, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं, जाहीर केली. शेअर घटले की प्रतिशेअर नफा आपसूक फुगतो! सफारी या ॲपलच्या ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून 2022 मध्ये गूगलने ॲपलला 20 अब्ज दिले, ते वेगळंच. हे तर बसून भाडं खाणं झालं.

फेरखरेदी वगळून खरी वाढ अहवालात कुठे बघायची? परदेशी शेअरचा कर जाणणारा सीए फोंडा-म्हापशात कुणी आहे का? चवथ झाली की भाचा बोटीवर जाणार, त्याआधी सांगा.