मदत हवी आहे: निऑन टेट्रा एकेक करून मरतायत, १२ चे ७ राहिले

नमस्कार मंडळी, मासे पाळायचा अनुभव शून्य, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. मी मुलुंडला राहते. लेकीने वाढदिवसाला मासेच हवेत म्हणून हट्ट धरला, मग क्रॉफर्ड मार्केटमधून दोन फुटी टँक (५० लिटरच्या आसपास पाणी), स्पंज फिल्टर आणि १२ निऑन टेट्रा आणले. सव्वा महिना मस्त चाललं होतं, एक वळला की सगळे वळायचे, सासूबाई सिरियल सोडून टँकसमोर बसायला लागल्या.

मागच्या रविवारी सोसायटीची गच्चीवरची टाकी धुतली, संध्याकाळी पाणी आलं तेव्हा मी म्हटलं चला आपला टँकपण चकाचक करू. मासे टोपात काढले, खडी चोळून धुतली, स्पंज नळाखाली पिळून पिळून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुतला आणि सगळं पाणी नवीन भरलं. अँटीक्लोरचे थेंब (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे) टाकले होते हां, ते विसरले नव्हते.

मंगळवारी पाणी दुधट झालं. बुधवारी एक गेला, मग रोज एकदोन. उरलेले वेगवेगळ्या कोपऱ्यात, फिल्टरच्या मागे लपतात, वर येऊन तोंड उघडझाप करतात. जवळच्या दुकानात विचारलं तर निळं औषध टाका म्हणाले, आणलंय पण टाकलं नाही. थर्मामीटर दुपारी ३० दाखवतो, त्यामुळे होतंय का? आणि रात्री दिवा लावला की मासे एकदम फिक्के दिसतात, लेक रडते की रंग उडाला. हा रोग आहे का? प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद १:
ताई, ते निळं औषध टाकू नका, राहिलेसाहिले चांगले बॅक्टेरियापण जातील. तुम्ही घाण म्हणून जे धुतलं ना, त्यात बॅक्टेरिया राहतात. माशांच्या शी-शूतून अमोनिया येतो, तो विषारी, त्याचं हे बॅक्टेरिया आधी नायट्राइट (तेही विषच) आणि मग नायट्रेट करतात. ही फौज तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, तुमची नुकतीच जमली होती आणि तुम्ही क्लोरीनच्या पाण्याने धुवून काढलीत.

आता दोन दिवस खाणं बंद. रोज पाव टँक पाणी बदला, नवीन पाणी अँटीक्लोर टाकलेलं आणि टँकएवढंच गरम हवं. स्पंजला हात लावू नका, पुढे कधी धुवायचा झालाच तर टँकमधून काढलेल्या पाण्यात नुसता दाबायचा. अमोनियाचं टेस्ट किट घ्या.

रात्री फिक्के दिसतात ते नॉर्मल आहे, अंधारात त्यांचा रंग उतरतो, दिवा लावल्यावर थोड्या वेळाने परत येतो. दिवसासुद्धा पाठीवर पांढुरका डाग दिसला तर मात्र तो मासा वेगळा काढा.

प्रतिसाद २:
३० जास्तच आहे, निऑनला २२ ते २६ बरं. आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी. झाकण काढून जाळी ठेवा आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्यावर सोडा, दोनेक डिग्री उतरतं. बर्फ टाकू नका, एकदम थंडगरम झालं की पांढरे ठिपके येतात. लेकीला नवीन मासे आत्ता आणू नका, सात घोळक्याला पुरतात.

बाय द वे मी घाटकोपरला राहतो, माझा टँक ३ वर्षं जुना आहे, त्यातला मळका स्पंज देतो, तुमच्या स्पंजशेजारी ठेवा. बॅक्टेरिया आयते मिळतील.

धागाकर्ती:
खूप खूप थँक्यू दोघांना! किट आणलं, पिवळं राहायला हवं होतं ते चक्क हिरवं झालं, म्हणजे अमोनियाच. काल ऑफिसातून येताना घाटकोपरला उतरून दादांकडून स्पंज घेतला, सुकू नये म्हणून त्यांच्याच टँकच्या पाण्यात, जेवणाच्या डब्यात. डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, लेडीज डब्यात शेजारचीने दोनदा नाक मुरडलं. आज सकाळी मोजले, सातच्या सात आहेत, वर येणं कमी झालंय. सासूबाई सकाळपासून विचारतायत, आपली घाण धुतलीस आणि लोकांची घाण कशाला आणलीस? आता त्यांना बॅक्टेरिया कसे समजावू तेही सांगा.