मदत हवी आहे: रेप्लिका अलॉय घेण्याआधी काय तपासू?
मंडळी, स्विफ्टला १५ इंची रेप्लिका अलॉय (नामांकित डिझाइनची नक्कल केलेली मिश्रधातूची चाकं) बघतोय. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप) ४×१०० जुळतो, सेंटर बोअर (चाकाच्या मधलं भोक) मोठा आहे, पण ती फट भरायला रिंग मिळते म्हणे. खरी काळजी वेगळीच आहे. चाक उलटं करून पाहिलं, तर स्पोकच्या मुळाशी रंगाखाली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली. जेडब्ल्यूएलचा (अलॉय चाकांच्या जपानी मानकाचा) शिक्का आहे, पण लोड रेटिंगचा, म्हणजे चाक किती वजन पेलेल त्याचा, आकडा कुठंच नाही. नुसता शिक्का काय, कुणीही मारेल! आई-बाबांना घेऊन गगनबावड्याला नेहमी जाणं असतं, खड्ड्यात रिम तडकली तर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) काम करणारे कुणी असाल तर सांगा: भोकं वरवरची की आतपर्यंत, हे चाक न कापता कसं ओळखायचं? एका चाकाची डाय पेनिट्रंट (रंगीत द्रव लावून पृष्ठभागावरचे तडे-भोकं शोधणारी) किंवा एक्स-रे टेस्ट कुणी करून देतं का? रविवारी ॲडव्हान्स द्यायचाय.